कवींचा आजार

सरांना मरणाची भारी आवड होती. स्वतःच्या नव्हे, कवींच्या. एखादा कवी पंचविशीच्या आत गेला असेल तर त्याच्याबद्दल बोलताना सर आवाज इतका खाली आणत, की शेवटच्या बाकावरच्या मुलांना वाटे, निरोप आत्ताच आलाय आणि आता सुट्टी मिळणार. तिशीत गेलेल्यांना ते सांभाळून घेत. चाळिशी ओलांडलेल्यांविषयी त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. आणि जो कवी म्हातारा होऊन, नातवंडं खेळवून, झोपेतल्या झोपेत शांतपणे गेला, त्याला ते 'पद्यलेखक' म्हणत आणि पुढच्या पानावर जात.

कॉलेजात त्यांच्याकडे वर्षानुवर्षं एकच पेपर होता, रोमँटिक काव्यातील प्रेम आणि मृत्यू. सरांचा सिद्धांत सुटसुटीत होता. खरं प्रेम पूर्ण होत नाही. पूर्ण झालंच तर ते प्रेम राहत नाही, त्याचं बिऱ्हाड होतं. म्हणून चांगल्या कवितेत दोघांपैकी एकाला मरावंच लागतं. दोघंही मेली तर सोन्याहून पिवळं. कवितेत फूल आलं की ते कोमेजणार, संध्याकाळ आली की ती आयुष्याची, पक्षी उडाला की तो आत्मा, आणि होडी दिसली की पैलतीर आलाच. मुलं हुशार होती. कुठलीही कविता येवो, 'मृत्यू ही प्रेमाची अटळ परिणती होय' हे वाक्य टाकलं की निम्मे मार्क खिशात पडतात, हे त्यांनी पहिल्याच चाचणीत ओळखलं होतं. ती सरांना मागून 'विरहसर' म्हणत. सरांच्या कानावर ते गेलं होतं आणि त्यांना ते मनापासून आवडलं होतं.

त्यांची सगळ्यात लाडकी कविता एका खिडकीतल्या तरुणाची होती. तरुणाला क्षय झालेला. तो खोकत खोकत खिडकीत बसतो, खालच्या रस्त्यावरून त्याची प्रेयसी जाते, आणि ती वर बघत नाही. एवढीच कविता. ती वर का बघत नाही, यावर सर सलग तीन तास घेत. तिला त्याचा अंत कळून चुकलाय, वर बघणं म्हणजे निरोप घेणं, आणि निरोप घेतला तर प्रेम संपेल, वगैरे. एका वर्षी एका मुलीने विचारलं होतं, "सर, तिला तो दिसलाच नसेल तर?" सरांनी तिच्याकडे अशा करुणेने पाहिलं की पोरीने पुढच्या वर्षी अर्थशास्त्र घेतलं.

आता इतक्या मोठ्या विरहवाद्याच्या घरी बायको कशी असावी? ती ड्रायव्हिंग स्कूल चालवायची.

स्कूल म्हणजे एक छोटी गाडी, टपावर 'शिकाऊ' असा बोर्ड, आणि डावीकडच्या सीटखाली तिच्या पायाशी बसवलेला जादा ब्रेक. त्या ब्रेकच्या जोरावर तिने अर्ध्या गावाला गाडी शिकवली होती. आवाज खणखणीत, कारण खिडकी उघडी ठेवून रस्त्याच्या गोंगाटात बोलायची सवय. "क्लच म्हणजे दाराची कडी नाही, हळू सोडा!" हे ती दिवसातून इतक्यांदा म्हणे, की घरी कपाट उघडतानासुद्धा तोंडात यायचं.

दोघांचं लग्न ठरवून झालं होतं, आणि तेही कुठल्याही अडथळ्याशिवाय. सरांच्या तरुण मनाला हे फार लागलं होतं. कुणीतरी विरोध करायला हवा होता. एखादा काका गरजायला हवा होता, निदान एक पत्र तरी मधल्यामधे फाडलं जायला हवं होतं. पण दोन्हीकडची माणसं भेटली, एकमेकांना आवडली आणि हॉलच्या भाड्याबद्दल बोलू लागली. मुलीने तर पहिल्याच भेटीत, "मला चालतील," असं सांगून टाकलं. त्यानंतर काव्याला जागा उरली नाही, आणि सरांनी आपली सगळी उत्कटता पोर्शन संपवण्यात घातली. मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख दोघांनी केलं, पण एकत्र बसून कधी केलं नाही.

बाईने नवऱ्याचं व्याख्यान उभ्या आयुष्यात एकदा ऐकलं होतं. कुठल्याशा वाचनालयाचा कार्यक्रम होता. घरी येताना ती म्हणाली, "तो खिडकीतला मुलगा. त्याच्या घरी कुणी मोठं माणूस नव्हतं का? डॉक्टरकडे का नाही नेलं त्याला?"

"अगं, ती कविता आहे."

"हो, पण खोकला खराच होता ना?"

सरांनी खिडकीबाहेर बघितलं. अशा वेळी ते नेहमी खिडकीबाहेर बघत.

तर अशा या सरांना त्या वर्षी खोकला झाला.

सुरुवातीला त्यांनी लक्ष दिलं नाही. मग लक्ष दिलं, आणि त्यांना तो आवडला. कोरडा होता, खोलातून यायचा, आणि वेळ साधून यायचा. 'आणि मग, त्या शेवटच्या ओळीत...' असं म्हणून सर थांबत, तेवढ्यात खोकला येई, रुमाल तोंडाशी जाई, आणि वर्गात कधी नव्हे ती शांतता पसरे. तीस वर्षांच्या अध्यापनात जे साधलं नव्हतं ते एका उबळीत साधत होतं. वजनही उतरू लागलं. गालफडं बसली, डोळे मोठे दिसू लागले. स्टाफरूममध्ये कुणी तरी म्हणालं, "सर, अगदी कवी दिसताय हो!" त्याच संध्याकाळी सरांनी करड्या रंगाची एक शाल घेतली. संध्याकाळी अंग थोडं तापायचं, तेव्हा ती पांघरून ते खिडकीत बसत.

बायको विचारायची, "अहो, हा खोकला किती दिवस चालणार? डॉक्टरला दाखवा."

"खडूची धूळ आहे."

"तुमच्याकडे गेल्या वर्षीच मार्करचे फळे आले ना?"

"जुनी धूळ आहे."

ती स्वतःही अधूनमधून खोकत होती. पण तिच्या खोकल्याकडे बघायला ना तिला सवड होती, ना त्यांना. ती त्याला ट्रकचा धूर म्हणायची.

मग एका सकाळी बेसिनमध्ये रक्ताचा ठिपका पडला.

इथे खरं सांगायला हवं, कारण पुढे सगळं त्यावरच गेलं. तो ठिपका बघून सरांना पहिल्या क्षणी भीती वाटली नाही. एखाद्या मोठ्या घराण्यात दत्तक गेल्यासारखं वाटलं. पांढऱ्या बेसिनवर तो लाल ठिपका, वर आरशात आपला ओढलेला चेहरा. ते बघत राहिले. भीती नंतर आली, आणि ते पालथ्या बादलीवर बसले. पण तोवर ठिपका शोभून गेला होता. त्यांनी नळ सोडला, बेसिन धुतलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. पुढे आणखी ठिपके पडले. तेही धुतले. कित्येक आठवडे हा असा देखणा लपंडाव चालला.

शेवटी उशीवर डाग पडला आणि उशीचे अभ्रे बायको धुवायची. तिने अभ्रा उलटून पाहिला, सुलटून पाहिला, आणि म्हणाली, "चप्पल घाला." दुसरा शब्द नाही. 'शिकाऊ' बोर्ड लावलेल्या गाडीतून सरांची मृत्यूच्या दिशेने यात्रा निघाली. चौकात मागच्याने हॉर्न दिला तेव्हा बाई खिडकीतून डोकं काढून त्याला जे बोलली ते कुठल्याही काव्यात बसलं नसतं.

दवाखान्यात थुंकी तपासली, छातीचा फोटो झाला. डॉक्टर तरुण होता, घाईत होता. "टीबी आहे," तो म्हणाला.

"म्हणजे राजयक्ष्मा," सर हळूच म्हणाले.

"काय?"

"जुना शब्द आहे. क्षय."

"टीबीच म्हणा, चिठ्ठीवर तेच येतं. सहा महिने गोळ्या घ्यायच्या. चुकवायच्या नाहीत. बरे व्हाल."

"नक्की?" सरांनी विचारलं. सगळे पेशंट हा प्रश्न आशेने विचारतात. सरांच्या आवाजात थोडी तक्रार होती.

"न चुकवता घेतल्यात तर नक्की. पुढचा पेशंट पाठवा."

ज्या आजाराने कवींच्या पिढ्या खाल्ल्या, तो सरांच्या वाट्याला येईपर्यंत इतका स्वस्त झाला होता. गोळ्या फुकट मिळत. मोठाल्या, विटकरी रंगाच्या, गिळताना घशात आडव्या होणाऱ्या. पहिल्याच दिवशी लघवी केशरी झाली आणि सर ओरडत बाथरूममधून बाहेर आले. दवाखान्यातून फोन करणारी एक सिस्टर होती, रोज फोन करायची. ती म्हणाली, "होणारच हो काका, औषधाचा रंग आहे. घामही तसाच येईल, पांढरे बनियन घालू नका." कुठल्याच कवीने याबद्दल एक अक्षर लिहून ठेवलं नव्हतं, याचं सरांना नवल वाटलं. मळमळ व्हायची, अंगाला खाज सुटायची, सांधे धरायचे. प्रेयसीला उद्देशून काही लिहावं तर गुडघा खाजवायला हात जायचा.

सुरुवातीचे दोन आठवडे त्यांना वेगळ्या खोलीत राहायचं होतं. सर शाल पांघरून खिडकी लावून बसले. बायकोने येऊन धाडकन खिडकी उघडली.

"सिस्टरने सांगितलंय, हवा खेळती पाहिजे. जंतू बाहेर जातात."

"गार वारा येतो."

"मग शाल कशाला घेतलीत?"

त्या खोलीत सरांनी एक दीर्घ निरोपकाव्य लिहायला घेतलं. पहिली दोन कडवी छान झाली. तिसऱ्यापर्यंत गोळ्या लागू पडल्या आणि सरांना सपाटून भूक लागली. सकाळी चार अंडी, दुपारी ताटभर जेवण, चार वाजता पुन्हा काही आहे का म्हणून डबे उघडणं. गाल भरू लागले. 'मी मावळतो' असं लिहून माणूस किती वेळा स्वयंपाकघरात जाऊ शकतो, यालाही मर्यादा असते. काव्य तिथेच थांबलं.

सिस्टर रोज फोनवर आणखी एक गोष्ट विचारायची. "घरच्यांची तपासणी झाली का?" कॉलेजात पुढच्या बाकांवरच्या मुलांची झाली होती, सगळी ठणठणीत निघाली होती. बायको मात्र टाळत होती. आज याची लायसन्सची परीक्षा, उद्या त्याची. शेवटी सिस्टर स्वतःच दारात आली, बाईच्याच गाडीत बसली आणि म्हणाली, "चला, मला दवाखान्यात सोडा." सोडायला गेलेली बाई छातीचा फोटो काढून आली.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. तिलाही होता.

सर स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. आजवर त्यांनी प्रेयसीच्या मृत्यूवर आसवं गाळणारे कवी डझनाने शिकवले होते. ती आजारी कशाने पडली, कुणाच्या खोकल्याने पडली, हे त्यातल्या एकाही कवितेत विचारलेलं नव्हतं, आणि सरांनीही कधी विचारलं नव्हतं. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. बायको ओट्यापाशी उभी राहून रिपोर्ट परत पाकिटात घालत होती.

"अहो, तुम्हाला रक्त पहिल्यांदा कधी दिसलं?"

खोटं सांगता आलं असतं. "उशीच्या बरंच आधी," ते म्हणाले. "दीड-दोन महिने."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं..."

"काय वाटलं?"

शब्दांचा माणूस, पण नेमका शब्द सापडायला वेळ लागला. "बरं वाटलं," ते म्हणाले.

ती बघत राहिली. "बरं वाटलं," ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो. मग तिने कपाटातून रिकामा डबा काढला, रिपोर्टबरोबर मिळालेल्या आपल्या गोळ्या त्यात भरल्या आणि म्हणाली, "दोघांच्या गोळ्या एकत्र ठेवू नका, गोंधळ होईल." त्यानंतर बरेच दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाला उत्तर देता येतं.

तिचेही घरात थांबायचे दोन आठवडे संपल्यावर ती पुन्हा गाडीवर गेली. मळमळत होतं, तोंडाला चव नव्हती, दमायला होत होतं. पण सिस्टरने सगळं आधीच सांगून ठेवलं होतं ना, केशरी होणार, मळमळणार. म्हणून तिने ते मोजलं नाही. सरांनी तर पाहिलंही नाही. त्या आठवड्यात ते कॉलेजात परतले होते आणि प्रेयसीच्या नेत्रांचं वर्णन शिकवत होते.

बाईकडे तेव्हा एक रिटायर्ड पोस्टमास्तर गाडी शिकत होता. गाडीत बसल्यावर पहिलं काम आरसा लावायचं, हे त्याच्या डोक्यात बसत नव्हतं. त्या दिवशी बसलं. त्याने आरसा धरून असा वळवला, की त्यात थेट बाईचा चेहरा आला.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमचे डोळे पिवळे दिसतायत."

"आरसा माझ्यासाठी नाही, मागच्या ट्रकसाठी आहे. सरळ करा."

"सरळ करतो. पण पिवळे आहेत. हळदीसारखे."

बाईने आरसा आपल्याकडे ओढला आणि बघितलं. मग शांतपणे म्हणाली, "इंडिकेटर द्या. डावीकडे घ्या. दवाखाना." ज्या माणसाची गाडी प्रत्येक सिग्नलला बंद पडायची, तो त्या दिवशी एकदाही बंद न पाडता दवाखान्याच्या दारात पोचला. आणि मग तिथल्या खांबाला गाडी लावली, म्हणजे अक्षरशः लावली. बंपर वाकला.

औषधांनी लिव्हरला मार बसला होता. सगळ्या गोळ्या बंद करून तिला ॲडमिट केलं. सर धावतपळत पोचले तेव्हा ती खाटेवर डोळे मिटून पडली होती, हाताला सलाइन. तोच घाईतला तरुण डॉक्टर होता. पण या वेळी तो घाईत नव्हता, आणि सर घाबरले ते त्यामुळेच.

"बहुतेक जण यातून सावरतात," तो म्हणाला.

सरांनी आयुष्यभर एकेका शब्दाचा कीस पाडला होता. पुढचे काही दिवस त्यांनी 'बहुतेक' या शब्दावर काढले. त्यांनी तो उजेडात धरला, उलटा केला. डॉक्टर म्हणताना कुठे बघत होता? 'जण'वर जोर होता की 'सावरतात'वर? बहुतेकांत न बसणारे किती, आणि ते कोण असतात? एवढं खोल अर्थनिर्णयन त्यांनी कुठल्याच कवितेचं केलं नव्हतं. मृत्यू अटळ आहे, उदात्त आहे, प्रेमाची परिणती आहे, हे सगळं त्यांना पाठ होतं, आणि वॉर्डात बसून ते एकच गोष्ट मागत होते, की ही परिणती कृपा करून दुसऱ्या कुणाच्या तरी घरी जावी.

दिवसभर ती गुंगीत असायची. उलटी आली की सर भांडं धरायचे. पहिल्यांदा धरलं ते चुकीच्या बाजूला, आणि शाल कायमची गेली. चादर बदलायची म्हणजे माणसाला आधी कुशीवर वळवायचं असतं, हे त्यांना पंचावन्नाव्या वर्षी कळलं. तिचा मोबाइल त्यांच्याकडे होता आणि तो सारखा वाजायचा. "मॅडम कधी येणार? मला रिव्हर्स येत नाहीये." "मॅडमना सांगा, मी पास झाले." एक भाजीवाली रोज दुपारी फोन करून फक्त विचारायची, "आज कशा आहेत?" आणि उत्तर ऐकून ठेवून द्यायची. पोस्टमास्तर तर वॉर्डाबाहेर येऊन बाकावर बसायचा. आत येत नसे. बंपरचे पैसे द्यायला आलोय म्हणायचा, पण पैसे काही काढायचा नाही आणि दुसऱ्या दिवशी परत यायचा.

एका दुपारी तिने डोळे उघडले. "ऐका," ती म्हणाली. "माझं काही झालं तर..."

"काही होत नाही तुला."

"मधे बोलू नका. तो पोस्टमास्तर. त्याला उजवं वळण अजून जमत नाही. इतक्यात परीक्षेला पाठवू नका त्याला, कुणाला तरी उडवेल."

"बरं."

"आणि माझ्यावर कविता करू नका."

सरांनी मान हलवली. त्यांना रडू फुटलं आणि ते अजिबात देखणं नव्हतं. नाक वाहत होतं, रुमाल सापडत नव्हता. शेवटी त्यांनी तोंडावरच्या मास्कलाच नाक पुसलं. पलीकडच्या खाटेवरच्या आजीने टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"रडताय काय?" बायको म्हणाली. "मेले नाही अजून."

"मी तुला दिला हा आजार."

"हो," ती म्हणाली. "तुम्हीच दिलात." आणि पुन्हा डोळे मिटले. पण हात त्यांच्या हाताजवळ होता, तो तिने काढून घेतला नाही.

आठवड्याभरात डोळ्यांचा पिवळेपणा उतरायला लागला. भूक लागल्याचं तिने जाहीर केलं तेव्हा सर खाली कँटीनपर्यंत जिन्याने पळत गेले आणि परत येताना दम लागून मधल्या मजल्यावर बसले. मग एकेक गोळी परत सुरू करायची, रक्त तपासायचं, थांबायचं, पुढची गोळी, असं सावकाश चाललं. पडून पडून ती कंटाळली. एकदा म्हणाली, "तुमच्या त्या खिडकीवाल्या मुलाचं सांगा. नीट सांगा, व्याख्यानासारखं नको."

सरांनी सांगितलं. व्याख्यान काढून टाकल्यावर गोष्ट फारच छोटी उरली.

"मग ती वर का बघत नाही?"

सर ओठांवर आलेले तीन तास गिळून म्हणाले, "तुला काय वाटतं?"

"कामाला जात असेल. उशीर झाला असेल." तिने थोडा विचार केला. "किंवा रागावली असेल. खिडकीत बसतोय नुसता, औषधपाणी करत नाही. मी पण नसतं बघितलं."

"त्या काळी औषध नव्हतं गं."

"तिला सांगितलं तरी होतं का त्याने?"

सरांना आठवेना. त्यांनी मनातल्या मनात कविता पहिल्या ओळीपासून म्हणून पाहिली. शेकडो वेळा शिकवलेली कविता, पण तो तिला काही सांगतो अशी एकही ओळ त्यांना तिच्यात सापडली नाही.

बाई घरी आली आणि सर पुन्हा वर्गावर गेले. परीक्षा जवळ आली होती, आणि खिडकीची कविता राहिली होती. सरांनी ती वाचली, पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "हा मुलगा आजारी आहे, त्याला भीती वाटतेय, आणि तो ते तिला सांगत नाहीये. त्याला वाटतंय की न सांगणं हेच प्रेम. आणि कवीलाही तसंच वाटतंय. मला तरी आता तसं वाटत नाही." एवढं बोलून ते थांबले. खोकला आला नाही. वर्गाने वाट बघितली, मग चुळबुळ सुरू झाली.

पहिल्या बाकावरच्या मुलाने हात वर केला. "सर, हे परीक्षेत लिहायचं?"

सरांनी क्षणभर विचार केला. पेपर बाहेरचे लोक तपासणार होते, आणि त्या लोकांना ऐन तरुणपणी सरांनीच शिकवलं होतं. "नको," ते म्हणाले. "परीक्षेत लिहा, मृत्यू ही प्रेमाची अटळ परिणती होय." सगळ्यांनी समाधानाने पेनं उघडली.

सरांचा गोळ्यांचा कोर्स आधी संपला. बाईचा मधे खंड पडल्यामुळे लांबला, आणि दर तपासणीला सर तिच्याबरोबर जात. अशाच एका खेपेला ती रक्त द्यायला खालच्या मजल्यावर गेली असताना सिस्टरने त्यांना हाक मारली. एक नवा पेशंट होता, पंचविशीचा, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला. गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन तो बाकावर असा बसला होता, जणू ते दुसऱ्या कुणाचं आहे.

"काका, तुम्ही याच्याशी जरा बोला," सिस्टर म्हणाली. "माझं ऐकत नाहीये."

सर शेजारी बसले. "लघवी केशरी होईल," ते म्हणाले. "घाबरायचं नाही."

"ते सांगितलं त्यांनी."

"डोळे पिवळे झाले तर मात्र ताबडतोब यायचं. आरशात रोज बघत जा."

मुलाने मान हलवली. मग हळूच म्हणाला, "माझं लग्न ठरलंय. रोज भेटतो आम्ही. तिला कसं सांगू? तिला वाईट वाटेल."

"नाही सांगितलं अजून?"

"नाही. मी ठरवलंय, सरळ भेटणंच बंद करायचं. कारण नाही सांगायचं. तिने मला विसरावं, बस." तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. त्या बघण्यात थोडा रुबाब होता, आणि तो सरांच्या चांगल्याच ओळखीचा होता.

"मूर्ख आहात का तुम्ही?" सर म्हणाले. आवाज इतका चढला की गोळ्या देणारा माणूस काउंटरच्या खिडकीतून वाकून बघू लागला. "तिची तपासणी कोण करणार? ती खोकत बसेल आणि तुम्ही विसरले जाण्याची वाट बघत बसाल? आत्ता फोन करा. आत्ता."

"ती सोडून गेली तर?"

"गेली तर जाईल. आधी छातीचा फोटो काढू दे तिला, मग कुठे जायचं तिथे जाऊ दे."

मुलगा उठला. काचेच्या दारापलीकडे जाऊन त्याने फोन लावला. इकडून फक्त त्याची पाठ दिसत होती आणि मोकळा हात, हवेत काहीतरी समजावत असलेला. तो बराच वेळ बोलत राहिला. पलीकडून काय उत्तर येत होतं ते सरांना शेवटपर्यंत कळलं नाही, कारण तेवढ्यात त्यांचाच मोबाइल वाजला.

"अहो, कुठे आहात?" बायको खालून ओरडत होती. "माझं झालंसुद्धा. नो पार्किंगमध्ये उभी आहे मी, मागे पोलीस आलाय, पळत या!"